चौथे वळण

पातूर, ४ नोव्हेंबर १९६३
अकोल्याहून मोटारीने आले. खोली हवेशीर, तलाव दारात, कोणाची कटकट नाही. सत्तावीस वर्षे पुण्यात मुलींना गणित शिकवल्यावर हे काम म्हणजे सुट्टीच. पाणबुडीचा सात फुटी नमुना आहे, वरून मेण चढवलेला. निश्चल पाणी हवे म्हणून इथे आणला. त्याला दोर नाही, तार नाही. पोटातल्या कागदी पट्टीवर छिद्रे पाडून दिलेल्या हुकुमांप्रमाणे तो आपला आपण बुडी मारतो, वळतो, चाळीस मिनिटांनी वर येतो. आतली लेखणी सगळी हालचाल कागदावर रेखते. ते कागद मी तपासायचे.

नाव वल्हवतो डोमाजी. त्याने उकडलेले शिंगाडे दिले. त्याची बायको भागीरथा तीन वर्षांपूर्वी शिंगाडे काढताना वेलींत अडकली. प्रेत मिळाले नाही. म्हणाला, "भागीरथा बुडून राहिली, बाई." मी सुधारले: 'बुडाली' म्हणावे.
"बुडाली असती तं वर आली असती," म्हणाला.

६ नोव्हेंबर
पट्टीत वळणे तीन. कागदावर चार. चौथे शिंगाड्याच्या वेलींकडे. सुकाणू उघडून पाहिले. दोष नाही. डोमाजी म्हणाला, यंत्राले काय पुसता, तिले पुसा.

९ नोव्हेंबर
नमुना अर्धा तास उशिरा आला. बॅटरी तेवढी पुरत नाही. मेणावर बोटांचे ठसे, दोन्ही अंगांना, मिठी मारल्यासारखे. उजवीकडे पाच, डावीकडे चार. भागीरथाची डावी करंगळी विळ्याने गेली होती, असे डोमाजीने सांगितले. नोंद केली.

११ नोव्हेंबर
कागदावर पाण्याच्या खोलीची रेघ सरळ हवी. ती उचलते, पडते. उचलते, पडते. कोणी नमुन्याला धरून वर येऊ पाहते आहे. तीन वर्षे.
क्रियापद मी चुकीचे सुधारले. इकडच्या बोलीत 'बुडून राहिली' म्हणजे 'अजून बुडते आहे'.

१२ नोव्हेंबर, भर दुपार
नमुना आला नाही. वेलींशी पाणी हलते. डोमाजी विळा घेऊन नावेतून उतरला, तिला सोडवायला; मी नावेतच. दोराचे एक टोक त्याच्या कमरेला, दुसरे माझ्या. एकट्याच्यानं नाही होत, म्हणाला. तीन झटके आले की ओढायचे.

एक. दोन. तीन —
चार.

ओढ दोघांची आहे. खाली —
गाठ सुटत नाही. नाव कलते —
वही फळीखाली ठेवते. सापडल्यास 'बुडाली' लिहू नये. मी बुडून रा—