हॉलमधल्या खांबाची व इतर मालमत्तेची विल्हेवाट

मी, डॉ. स्मिता अरविंद हेर्लेकर, वय चौऱ्याहत्तर, पेशा पेशीशास्त्र (आता निवृत्त), राहणार बनशंकरी, बेंगळूरु, हे मृत्युपत्र पूर्ण शुद्धीत, सकाळची कॉफी घेऊन आणि कोणाच्याही धाकाशिवाय लिहून ठेवत आहे. धाक दाखवण्याचा हक्क होता तो माझ्या नवऱ्याला, अरविंदला. त्याला तो कधी जमला नाही, आणि आता तो हयात नाही. आम्ही दोघांनी पूर्वी केलेल्या मृत्युपत्रांत "घर आहे तसं ठेवावं" असं एक वाक्य होतं. ती मृत्युपत्रं अरविंदच्या आग्रहाखातर केली होती. त्यातलं माझं मी याद्वारे रद्द करते.

हे आजच लिहिण्याचं कारण माझी एकुलती एक मुलगी शमिका. ती पुलांची इंजिनिअर आहे. नॉर्वेतल्या एका कंपनीने तिला बोलावलं आहे. उत्तर द्यायला तिने एकदा मुदत वाढवून घेतली, ती या सोमवारी संपते. आईला आणि घराला कोण बघणार, म्हणून ती जात नाही. हे ती मला सांगत नाही, शेजारच्या वीणाला सांगते, आणि वीणा मला सांगते.

कलम १. वकील नागराज म्हणाले, आधी स्थावर मालमत्ता लिहू. मी म्हटलं, आधी प्रथिन लिहू, त्याशिवाय स्थावराचं कलम कोणाला कळायचं नाही. "सरी, अम्मा, बरं," म्हणून त्यांनी पेन खाली ठेवलं.

पेशीच्या आत ॲक्टिन नावाच्या प्रथिनाचे धागे असतात. पेशीचा आकार त्यांच्यामुळे टिकतो आणि पेशी चालतेही त्यांच्याच जोरावर. पुढच्या कडेला धागे वाढतात, कड पुढे सरकते. त्या वाढीला माल लागतो, आणि तो मिळतो जुने धागे तोडून. तोडायचं काम कोफिलिन नावाचं दुसरं एक छोटं प्रथिन करतं. ते जुन्या धाग्याला चिकटतं, त्याला पीळ देतं, धागा तुटतो आणि सुटे झालेले कण पुन्हा पुढे कामाला लागतात. मी उभा जन्म या तोडफोड्याच्या मागे घालवला. सासूबाईंना वाटायचं, सून कॅन्सरवर औषध शोधते आहे. मी तो समज राहू दिला, कारण त्यामुळे सणावारी पुरणाच्या पोळ्यांतून सुटका व्हायची.

कलम २. माझे सहकारी डॉ. कृष्णमूर्ती यांना या मृत्युपत्राने काहीही मिळू नये. साक्षीदाराच्या पदरात काही पडणार नाही हे बघावं, असा सल्ला नागराजांनी दिला, म्हणून मी कृष्णमूर्तींनाच साक्षीदार केलं आहे.

कृष्णमूर्तींनी पेशींमधलं कोफिलिन काढून टाकलं होतं. मग नेहमीच्या पद्धतीने पेशी औषध घालून जागच्या जागी मारल्या, धागे रंगवले आणि फोटो काढला. धागे जाडजूड, दोरखंडासारखे. ते फोटो त्यांनी भर परिषदेत पडद्यावर लावले आणि कोफिलिन नसलं की पेशी भक्कम होते, असं जाहीर केलं. मी मागच्या रांगेतून विचारलं, "सर, पण ती चालते का?" ते म्हणाले, "स्वल्प थांबा, मॅडम, प्रश्न शेवटी." शेवटी चहाच झाला. मी घरी न जाता तशाच पेशी जिवंत ठेवून त्यांच्यावर कॅमेरा लावला. एवढ्या भक्कम पेशी, पण जागच्या हलल्या नाहीत. मेलेल्या पेशीचा फोटो काढणाऱ्याला हे कधीच दिसलं नसतं. मी फिल्म दाखवली, तेव्हा कृष्णमूर्ती कॅमेरा बिघडला असेल म्हणाले. त्यानंतर आम्ही कँटीनमध्ये एकाच टेबलावर बसून वर्षानुवर्षं एकमेकांशी बोललो नाही. आता रोज संध्याकाळी बागेत बरोबर फिरतो. वाद तसाच आहे, गुडघे तेवढे गेले.

कलम ३. स्थावर. बनशंकरीतलं राहतं घर शमिकाला मिळावं, एका अटीवर: ते तिने आहे तसं ठेवू नये. विकावं, पाडावं, हवं ते करावं.

आमच्या घरात कोफिलिन नाही. अरविंद एका सरकारी कारखान्यात इंजिनिअर होता आणि त्याने आयुष्यात काहीही काढून टाकलं नाही. दार कुरकुरलं की एक पट्टी ठोकायची, माळा वाकला की एक अँगल लावायचा. एका वर्षी छताला केसाएवढी भेग दिसली, तर त्याने हॉलच्या मधोमध लोखंडी खांब उभा केला. तेव्हापासून त्या खांबावर प्रत्येक पाहुण्याने कपाळ आपटून घेतलं आहे. सोफा हलवता येत नाही, टीव्ही अर्धाच दिसतो. शमिका पुलांचे भार काढते, पण या खांबावर किती भार आहे हे तिने कधी काढलं नाही. बाबांनी लावलाय, म्हणजे लागत असणार.

कलम ४. माझा जुना सूक्ष्मदर्शक आनेकलच्या सरकारी शाळेला द्यावा. त्याखाली तळ्याचं पाणी ठेवावं. तयार स्लाइड कपाटात कुलूप लावून ठेवाव्यात, मुलांना आधी हलणारं काहीतरी दिसू दे.

माझा फोटो हार घालून भिंतीवर लावू नये. फारच वाटलं तर माझी एखादी फिल्म लावावी, भांडतानाची.

कलम ५. हॉलमधला खांब काढून टाकावा. हे कलम नागराजांना खोडायचं होतं. मृत्युपत्र मरणानंतरच लागू होतं, असं त्यांचं म्हणणं. कायदा त्यांच्या बाजूचा आहे. पण सोमवारपर्यंत मी मरेन असं काही दिसत नाही, तेव्हा हे कलम आज सकाळीच अंमलात आणलं.

गवंडी शिवाप्पा कटर घेऊन आला, तशी शमिका खांबाला पाठ लावून उभी राहिली. तिला मी कधी न सांगितलेली गोष्ट सांगितली. अरविंद शेवटच्या आजारपणात मला म्हणाला होता, "या खांबावर काही भार नाही गं. भेग नुसत्या गिलाव्याची होती, ते मला तेव्हाच कळलं होतं. पण असू दे म्हटलं. धीर येतो."

शमिकाने वळून खांबावर बोटांनी टकटक केलं. मग बाजूला झाली.

खांब निघाला. छत आहे तिथेच आहे. फरशीवर एक गोल उरला, तो मी स्वतः पुसला. माझी लेक माझा आधार आहे, असं गल्लीत सगळे म्हणतात, आणि तिलाही ते खरं वाटू लागलं होतं. शमिका, तुझ्यामुळे मला धीर येतो. भार तुझ्यावर नाही. तू गेलीस की मला भीती वाटेल, संध्याकाळी घर खायला उठेल, आणि मी तुला नको तेव्हा फोन करीन. तरी तू जा.

खांब चामराजपेटेतल्या भंगारवाल्याला द्यावा. त्याच्याशी भावावरून घासाघीस करण्याचा अधिकार मी हयातीत माझ्याकडेच राखून ठेवते.

येणेप्रमाणे लिहिलेलं वाचून पाहिलं, पटलं, सही केली.

स्थळ: बनशंकरी, बेंगळूरु. हॉलमध्ये, खांबाच्या जागी खुर्ची ठेवून.
दिनांक: १५ फेब्रुवारी २०२५, शनिवार

(सही) स्मिता अरविंद हेर्लेकर

साक्षीदार १: (सही) वीणा योगीराज पट्टणशेट्टी, शेजारीण. अक्कांनी माझ्यासमोर सही केली.

साक्षीदार २: (सही) डॉ. के. कृष्णमूर्ती. सहीखाली त्यांनी कन्नडमध्ये शेरा लिहिला, त्याचं वीणाने केलेलं मराठी: "सही माझ्यासमोर झाली. साक्ष तेवढ्यापुरतीच असते, असं वकील म्हणतात, तरी दोन गोष्टी लिहितो. मी सही करत असताना शमिका सोफा हॉलच्या मधोमध, मॅडमच्या खुर्चीशेजारी, ओढून त्यावर बसली आणि नॉर्वेला होकार पाठवला, तो मी पाहिला. आणि मॅडम, कॅमेरा बिघडलेला नव्हता."