लाँड्रीच्या कप्प्यांचं नामकरण

ती. ताई,

साष्टांग नमस्कार (मनातल्या मनात; कंबर धरली आहे). तुझा गुडघा काय म्हणतो? भावोजींचा खोकला? सगळं ठीक असेल असं धरून चालतो, कारण मला आधी माझं सांगायचंय. ताई, मी प्रोग्रॅम लिहिला! मी! इस्त्रीवाल्याने!

झालं असं, समोर नवी लाँड्री आली. तिथे कपडे तयार झाले की नाही ते गिऱ्हाइकाला फोनवर दिसतं. आमची जुनी गिऱ्हाइकं (ती दातांची डॉक्टरीणबाईसुद्धा, जिच्या पांढऱ्या कोटांवर आपलं दुकान उभं आहे) मान खाली घालून रस्ता ओलांडायला लागली. माझं डोकंच फिरलं. असंच चाललं असतं तर दुकानाला कुलूप लागलं असतं गं. भावोजींचा जन्म कंप्युटरपुढे गेलाय, पण त्यांना विचारलं असतं तर उरलेला जन्म ऐकवत बसले असते. म्हटलं, आपणच करू.

फोनवर दिसणाऱ्या वेबपानाची स्क्रिप्ट (त्याला काय करायचं ते सांगणाऱ्या ओळी) म्हणजे नुसते कप्पे. नाव द्यायचं आणि आत माल भरायचा. आलेल्या कपड्यांच्या कप्प्याला मी म्हटलं 'इन'. चालेना. नव्या गिऱ्हाइकांच्या कप्प्याला 'न्यू'. तेही नाही! परत गेलेल्यांना 'रिटर्न', तर तेही नाही, पान आपलं पांढरंफटक. मी टेबलावर मूठ आपटली (इस्त्री पायाशी पडली, ते असो). शेवटी आमच्या हिने पुस्तक उघडलं: हे शब्द त्या भाषेने स्वतःच्या कामासाठी राखून ठेवलेत, कप्प्यांना द्यायचे नाहीत. म्हणजे बसमध्ये खिडकीतून रुमाल टाकून धरलेल्या जागाच की! आणि मी मूर्ख नेमका रुमालांवरच बसत होतो.

मग सुचलं. आपल्या घरची माणसं कोण राखून ठेवणार? आलेल्या कपड्यांना 'आत्या' (येते ती गाठोडी घेऊनच), परत गेलेल्यांना 'मामा' (टिकतो कुठे?), तयार कपड्यांना अर्थातच 'ताई'. आणि चाललं! डॉक्टरीणबाईंनी फोनवर पाहिलं आणि स्वतः कोट न्यायला आल्या. मला रडूच आलं. कुणाचीही मदत लागली नाही, हे भावोजींना मुद्दाम सांग.

तुझा,
धाकटा

ता. क. कालपासून पान सगळ्यांचेच कपडे तयार दाखवतंय. बाईंचे पुढचे कोट अजून बादलीत आहेत आणि त्या सोमवारी येणार. रविवारी भावोजींना पाठव. काय बोलायचं ते बोलू दे, ऐकून घेईन.

ता. क. २. दुरुस्त करताना ते सगळ्या कप्प्यांची नावं वाचणार. कितीही घासलं तरी न निघणाऱ्या डागांच्या कप्प्याला मी 'भावोजी' म्हटलंय. बदलायला गेलो की पान पांढरं होतं. तेवढा त्यांचा चष्मा काढून ठेव.