लाल चौदा

प्रिय ज्युएल,

पाकिटावरचं वेडंवाकडं अक्षर बघून पत्र कुणाचं ते तू ओळखलंच असशील. एवढ्या वर्षांत मी तुला नाताळचं कार्डसुद्धा धाडलं नाही, तेव्हा आधी बसून घे. घरी सगळं बरं आहे. गुडघा कुरकुरतो, कोंबड्या अंडी घालतात, आणि माझी नात रेलिन गिटार घेऊन दिवसभर ओसरीवर बसलेली असते. पोरीचा गळा थेट आजोबांवर गेलाय. या शनिवारी काकवीच्या मेळ्यात ती माझ्या डेल्मसचं गाणं म्हणणार आहे, आणि ते चालू असताना तू स्टेजवर बसणार आहेस, हेही मला कळलं. पत्त्यांतल्या लाल बदामासारखी मोठी पाठ असलेली खुर्ची केलीय म्हणे तुझ्यासाठी. सुताराच्या बायकोने मला मुद्दाम दुकानात गाठून सांगितलं. वर विचारते, "आर्डिथ, तुला चालेल ना गं?" मी म्हटलं, "मला काय, खुर्ची लाकडाचीच आहे." घरी येऊन मात्र मक्याच्या पावात मीठ दोनदा घातलं.

त्या गाण्याने मला किती कुरतडलंय ते तुला काय सांगू. रेडिओवर ते पहिल्यांदा लागलं तेव्हा मी ओट्याशी शेंगा मोडत होते. 'हाती एक बदामची राणी, बाकी सारं नशीब.' आवाज माझ्याच नवऱ्याचा, आणि राणी कोण ते गावाला विचारायची गरजच पडली नाही. तांबडे केस तुझे. शनिवारी तो ज्या गुत्त्यात वाजवायला जायचा, तिथे पत्ते वाटायचीस तू. पुढच्याच आठवड्यात तू लाल बदामाची पिन लावून पोस्टात आलीस. कुणीतरी म्हणालं, "या राणीसाहेब," आणि तू नाही म्हटलं नाहीस. नुसती हसलीस. मी डेल्मसला कधी विचारलं नाही. विचारलं असतं आणि तो खरं बोलला असता तर? त्यानेही ते गाणं घरात कधी म्हटलं नाही, त्यावरून मी काय समजायचं ते समजले.

आपल्याकडच्या गाण्यांचं मला हसूच येतं बघ. जिथे तिथे जुगार. बायको सोडून गेली की डाव हरला, पोरगी हसली की हुकूम लागला, माणूस मेला की देवाने पत्ते गोळा केले. आणि लिहिणारे कोण, तर डेल्मससारखे, ज्यांच्या आयांनी घरात पत्ता दिसला असता तर चुलीत घातला असता. आमच्या चर्चमध्ये राजा-राणीच्या पत्त्यांना सैतानाचं बायबल म्हणायचे. तुझ्या वडिलांकडे खरे पत्ते होते, म्हणून तुला हे ठाऊक नसेल; आमच्यासारख्यांच्या घरी रूक खेळायचे. त्यात राजा नाही, राणी नाही, गुलाम नाही. लाल, हिरवा, पिवळा, काळा असे चार रंग, नुसते आकडे आणि एक काळा पक्षी. आमच्याकडे चौदा सगळ्यांत मोठा. चौघांनी बसायचं, समोरचा तो आपला जोडीदार, आणि दोघं मिळून किती गुण करू त्याची बोली लावायची. पैसे लावत नाही म्हणून पाप नाही, असं पाद्रीबुवा सांगायचे, आणि स्वतः हरले की कुणाशी बोलायचे नाहीत.

डेल्मस आमच्या घरी पहिल्यांदा आला तो रूकला एक भिडू कमी होता म्हणून. त्याला माझ्यासमोर बसवलं. वडील बोली चढवत गेले, मी त्यांच्यावर चढवत गेले. वडील म्हणाले, "पोरी, हातात काही असेल तर बोल." मी म्हटलं, "माझ्या जोडीदाराकडे असेल की." सगळे हसले, त्याचे कान लाल झाले. तो डाव आम्ही जिंकला. जाताना फाटकापाशी त्याने विचारलं, "तुझ्याकडे होतं तरी काय?" "लाल चौदा." "आणि?" "आणि काही नाही. बाकी तू."

तर आता ऐक. गेल्या आठवड्यात मी आणि रेलिन कॉयला भेटायला वृद्धाश्रमात गेलो होतो. डेल्मसबरोबर फिडल वाजवायचा, तोच कॉय. त्याला हल्ली स्वतःच्या मुलाचं नाव आठवत नाही, गाणी मात्र सगळी आठवतात. मी त्याला वाळल्या सफरचंदांचा थरांचा केक भरवत होते. रेलिनने ते गाणं धरलं, तर तो मध्येच म्हणाला, "चुकतेयस पोरी." आणि स्वतः म्हणू लागला. 'हाती एक लाल चौदा, बाकी सारं नशीब, तरी तिने बोली लावली माझ्यावर.' माझ्या हातातला चमचा तसाच राहिला. रेलिन म्हणाली, "पण आजोबा, पत्त्यांत चौदा कुठे असतो?" कॉय म्हणाला, "नॅशव्हिलचा तो रेकॉर्डवाला हेच म्हणाला की. पोट धरून हसला. जुगाराचं गाणं लिहितोस आणि पत्ते कधी पाहिले नाहीस काय रे? म्हणाला, राणी घाल, बदामची, लोकांना कळेल. नाहीतर घरी जा." डेल्मसने राणी घातली. परतीच्या वाटेवर तो एकदाच बोलला म्हणे. "आर्डिथचं पान मी फेकलं. आता हे तिच्यापुढे कोणत्या तोंडाने गाऊ."

ज्युएल, त्या दिवसापासून माझे पाय जमिनीवर नाहीत. कोंबड्यांना दाणे टाकतानाही तेच गुणगुणते. रेलिन म्हणते, "आजी, प्रेमात पडलीस की काय या वयात?" पडले आहे, सांगायला कसली लाज. पण तुझ्यावरचा जळफळाट काही गेला नाही हं. एवढ्या लोकांनी इतकी वर्षं जिचं गाणं म्हटलं ती राणी तू. माझा चौदा ओळखणारे दोनच, त्यातला एक मातीखाली आणि दुसऱ्याला आजचा वार सांगता येत नाही.

आता पत्र कशाला लिहिलं ते. शनिवारी रेलिन जुने शब्द म्हणणार आहे. मीच सांगितलंय तिला. तुला कळू न देता गप्प बसायचं असंच ठरवलं होतं मी. तू त्या लाल बदामाला टेकून बसलेली, कोटावर पिन, समोर सगळा गाव, आणि पोरीच्या तोंडून चौदा. ते चित्र मी मनात पुन्हा पुन्हा पाहिलं, आणि काकवीहून गोड लागलं. मग डेल्मसला पुरलं तो दिवस आठवला. तू अगदी मागे झाडाखाली उभी होतीस, आणि कोटावर पिन नव्हती. मी तेव्हाच पाहिलं होतं. म्हणून आधी सांगते आहे. खुर्चीत बस, नको बसूस, तुझं तू ठरव. रविवारी चर्चनंतर मात्र माझ्याकडे ये. रेलिन आहे, तिचा बाप आहे, रूकला एक भिडू कमी आहे. तुला येत नसलं तर मी शिकवीन. फक्त माझ्यासमोरची खुर्ची मागू नकोस, तिथे रेलिन बसेल. तू माझ्या डाव्या हाताला बस, विरुद्ध पक्षात.

तुझीच, म्हणजे अजून पुरती नाही,
आर्डिथ