कंदील दोन नंबरकडे

१४ जानेवारी

ति. दादास,
सा. न. वि. वि.

इतके महिने पत्र नाही, त्याबद्दल माफ कर. तुला वाटलं असेल, मी आपल्या जुन्या व्हिडिओ गेममधल्या आधीच्या बेटावर अडकले आणि सांगायची लाज वाटते आहे. अडकले नव्हते. ते बेट केव्हाच पार केलं. पण आपल्या ठरावाप्रमाणे शेवटचं बेट एका खोलीत बसून, दोघांनी मिळून खेळायचं. म्हणजे आता गेमची कॅसेट पाकिटात घालून तुझ्याकडे पाठवायची नाही, तूच इकडे यायचं. 'ये' असं लिहायला कागद घ्यायचे आणि मनात यायचं, की तुझ्या कामाच्या गर्दीत मी हट्ट करते आहे का? मग आवराआवर करायचे. फोनवर आपण आईच्या गोळ्यांबद्दल बोलतो. बाकीचं बोलणं एवढी वर्षं कॅसेटबरोबरच्या पत्रातच होत आलं आहे, त्यामुळे कॅसेट थांबली तशी मीही थांबले.

आज लिहायला बसले ते वेगळ्या कारणाने. रविवारी सहज गेम लावला, तर पडद्यावर आपली होडीच नाही. नवीन खेळ सुरू करायचा का, असं विचारत होता. कॅसेट काढली, लहानपणीसारखी फुंकर मारली, पुन्हा लावली. तेव्हा दिसली: शेवटच्या बेटाच्या धक्क्याला बांधलेली, तू वल्ह्यावर, मी कंदील घेऊन पुढे. हे कशाने झालं?

दातांच्या लॅबमध्ये कामाचा ढीग आहे. लग्नसराईत लोकांना दात आठवतात. आई बरी आहे. तुमची ती होडी लागली का किनाऱ्याला, असं अधूनमधून विचारते. आणि पाकिटावर 'दोन नंबर' असं लिहीत जाऊ नकोस, टपालवाला माझ्याकडे संशयाने बघतो.

लोभ आहे तेवढा राहू दे, वाढला तर हरकत नाही.

तुझी,
धाकटी

*

२ फेब्रुवारी

चि. दोन नंबर हिस,
अ. उ. आ.

पाकिटावर तेच लिहिलं आहे. दुसरा रिमोट ज्याच्या हातात तो दोन नंबर, हे टपालवाल्याला समजावून सांग.

आधी महत्त्वाचं. फुंकर मारणं बंद कर. थुंकीने आतल्या पट्ट्या गंजतात. आपण लहानपणी ज्याला उपाय समजत होतो तोच रोग होता. कदाचित पट्ट्या मळल्या असतील. पण मला भीती वेगळी आहे. त्या कॅसेटच्या पोटात नाण्याएवढी बॅटरी असते. आपण कुठवर पोचलो ते तिच्या जिवावर लक्षात राहतं. ती आता म्हातारी झाली. संपली की सगळी बेटं पुसली जाणार, आणि बदलायला गेलं तरी काढल्या क्षणी पुसली जाणार.

म्हणून माझं ऐक. ठराव बाजूला ठेव आणि शेवटचं बेट तू एकटीच खेळ. बटण दाबून आलटूनपालटून दोघांनाही चालवता येतं, नाहीतरी पत्रांतून आपण तेच करत आलो. शेवट काय आहे ते मला सविस्तर लिही. इंटरनेटवर कुणीतरी टाकलेला असेलच, पण मी अजून पाहिलेला नाही. मी एवढ्यात येऊ शकत नाही. आमच्या कंपनीचा गेम पुढच्या मोठ्या टप्प्याला आला आहे, तो बाहेर पडला की बघतो.

मी अजून दिवसभर गेममधल्या भिंतींना धडकतो. कुठून आरपार जाता येतं ते शोधायचं आणि लिहून द्यायचं. हल्ली लिहून दिलेलं दुरुस्त होतंच असं नाही. आधी विकायचं, दुरुस्ती मागाहून घरपोच. त्याच आठवड्यात घोड्यासाठी सोनेरी खोगीर मात्र वेळेवर तयार होतं, कारण ते वेगळं विकायचं असतं. नव्या कन्सोलला तर डिस्कची फटच नाही. म्हणजे गेम कुणाला उसना देता येत नाही, जुना विकता येत नाही. विकत घेतलेली वस्तू घरात येते ती भाडेकरू म्हणून. आपण एक कॅसेट इतकी वर्षं दोन गावांत खेळलो, हे माझ्या टीममधल्या पोरांना सांगितलं तर ती आजोबांची गोष्ट ऐकावी तसं ऐकतात.

आईला नमस्कार. तुझा दादा आहे तिथेच आहे, लोभही.

दादा

*

२३ फेब्रुवारी

ति. दादास,
सा. न. वि. वि.

तुझं पत्र लॅबमध्ये वाचून दाखवलं, अर्थात खोगिरापुरतंच. आमचे मुख्य तंत्रज्ञ म्हणाले, आपणही उद्यापासून नुसती वरची कवळी देऊ, खालची मागाहून, आणि सुळे हवे असतील तर वेगळे पैसे. सगळे हसले. मग मला वाटलं, मी तुझ्या कामाची थट्टा तर करून घेतली नाही ना? तसं नव्हतं. तुझ्या चिडण्यात अजून जीव आहे, याचं बरं वाटलं.

शेवटचं बेट मी एकटी खेळणार नाही. बटण दाबून दोघांना चालवता येतं हे खरं. पण मी कंदील हातात घेतला की होडी थांबते, आणि वल्हं धरलं की उजेड जागचा हलत नाही. आधीची बेटं मी तशीच केली, कारण पुढचं तू करणार होतास. याच्या पुढे कुणीच नाही.

आणखी एक विचारायचं आहे, विचारावं की नाही ते कळत नाही. तुमचा गेम मी घेऊन ठेवलाय, तुला माहीत आहे. मला तो फारसा खेळता येत नाही, पण त्यातल्या त्या लांबच लांब भिंतीजवळून मी फिरते. दादाने हिला डोकं लावून पाहिलं असेल, असं वाटतं. परवा उघडला तर पाटी आली, की महिनाअखेर गेम कायमचा बंद होईल, प्रेमाबद्दल आभार. तू तर पुढच्या टप्प्याबद्दल लिहिलं होतंस. तिकडे सगळं ठीक आहे ना?

आई म्हणाली, त्याला विचार, जेवतो का वेळेवर. ते विचारलं असं समज.

तुझी,
धाकटी

*

९ मार्च

चि. दोन नंबर हिस,
अ. उ. आ.

ठीक नाही. मागचं पत्र लिहिलं तेव्हाही नव्हतं. तुला काळजी नको म्हणून लिहिलं नाही, असं म्हणणार होतो, पण मला ते कागदावर पाहायचं नव्हतं, हे जास्त खरं आहे.

त्याच्या आधीच एका सकाळी ऑफिसच्या दाराला माझं कार्ड लागेना. पहारेकऱ्याने पुसून पाहिलं, पुन्हा लावलं, त्याला वाटलं कार्डच मळलं आहे. दोघं मिळून प्रयत्न करत होतो तेवढ्यात फोनवर मेल आली. टीममधल्या सगळ्यांना एकच मजकूर. आमचे साहेब सुट्टीवर होते, निदान तसं सांगितलं. माझे डबे आणि चप्पल अजून त्या टेबलाखाली आहेत.

नोकरी मिळेल कुठेतरी, ते नाही. पण तू त्या भिंतीबद्दल लिहिलंस, ते मी दोनदा वाचलं. ती भिंत माझी होती गं. तिच्या कोपऱ्यातून लोक खाली पडायचे, ते मी शोधून दिलं होतं. आता ती कुठेच नसेल. ना डबा, ना डिस्क. आम्ही कंत्राटावरचे, त्यामुळे शेवटी जी नावं सरकत जातात त्यांतही मी नाही. एवढी वर्षं काय केलं, हे दाखवायला माझ्यापाशी काही नाही. ती होडी तेवढी आहे, आणि तीही संपत चालली. म्हणून म्हणतो, दुरुस्तीच्या भानगडीत पडू नकोस. असेपर्यंत खेळ आणि शेवट लिहून कळव.

येतो म्हणून लिहीत नाही. तो शब्द मी फार वापरला. आणि रिकाम्या हाताने आईसमोर उभं राहायचं म्हणजे जरा जड जातं.

आईला यातलं काही सांगू नकोस. लोभ ठेव, सध्या तो लागणार आहे.

दादा

*

२१ मार्च

ति. दादास,
सा. न. वि. वि.

आईला सांगितलं. तिने पत्र मागितलं आणि मला खोटं बोलता आलं नाही. ती म्हणाली, रिकाम्या हाताने म्हणजे काय, तो काय पाहुणा आहे, फळं घेऊन यायला? मग म्हणाली, त्याची चप्पल तिथे राहिली असेल तर इथे बाबांची आहे. संध्याकाळी तुझ्या कॉटवरच्या गाद्या उन्हं गेल्यावर आत आणल्या. सकाळी कधी घातल्या होत्या, मला कळलंही नाही.

आता माझं ऐक. बॅटरी मी बदलली. काढल्या क्षणी सगळं पुसलं जातं हे तू लिहिलंस, म्हणून आधी दुसरी बॅटरी बारीक तारांनी बाजूने जोडली, म्हणजे मधल्या वेळात कॅसेट उपाशी राहायला नको. मग जुनी काढून नवी बसवली. दाताची तार डाग देऊन जोडायला आम्ही रोज जे हत्यार वापरतो तेच घेतलं, भिंगाचा दिवाही तोच. मुख्य तंत्रज्ञ मागे उभे होते. पेशंट कोण, म्हणाले. मी म्हटलं, माझा भाऊ. ते हसले नाहीत, दिवा जरा जवळ ओढून धरला.

नवी बॅटरी बसवताना हात एकदा हलला. बाजूची तार सुटली का, क्षणभरच, की सुटल्यासारखं वाटलं, ते मला खरंच सांगता येत नाही. घरी येऊन गेम लावला असता तर कळलं असतं. लावला नाही. टीव्हीसमोर बसून राहिले आणि कॅसेट परत डब्यात ठेवली. हे घाबरणं आहे का, असं स्वतःला विचारलं. थोडं आहे. पण होडी असली तर ती तुझ्याशिवाय बघायची नाही, आणि नसली तर तेही एकटीने बघायचं नाही.

असली, तर एका दुपारचा खेळ आहे. नसली, तर पहिल्या बेटापासून सुरू करावं लागेल, म्हणजे तुला पुष्कळ दिवस राहावं लागेल. दोन्हींपैकी मला काय व्हावंसं वाटतं, ते मला कळलं आहे. पण इतक्या वर्षांच्या बेटांशी बेइमानी नको, म्हणून लिहीत नाही.

तू येतो म्हणून लिहू नकोस. नुसता ये. लोभाचं काय ते समोरासमोर पाहू.

तुझी,
दोन नंबर

उद्याचं काम: माळ्यावरून तुझा रिमोट काढणे.