माय, मंडई आणि बाबांची पेट्रोल पिकअप

३ नोव्हें., सोम.
बोलून बसले आहे, आता निस्तरायला हवं. मावशीच्या गावची मंडई, म्हणजे दिवाळीनंतरची जत्रा, १६ला, रविवारी. माय सकाळपासून एकच धरून बसली आहे, यंदा सीतीला भेटायचंच. सीतामावशी तिची धाकटी बहीण. गडचिरोलीच्या पुढे राहते, दिवाळीपासून अंथरुणाला खिळली आहे. खुब्याचं हाड मोडल्यापासून मायला पाय दुमडून बसवत नाही, म्हणजे एसटी गेली आणि जीपही गेली. चंद्रपूरहून भाऊ दिवाकरचा फोन. ॲम्बुलन्स करू म्हणाला. माय ओसरीवरूनच ओरडली, "ॲम्बुलन्समंदी गेली तं लोक रडाले जमतीन. मी काय मेली का?"
भाड्याच्या सगळ्या पिकअप धानाच्या पोत्यांना लागलेल्या. तर माझ्या तोंडून गेलं, बाबांची पिकअप आहे ना, मागे निजवून मी नेते. दिवाकर हसतच सुटला. त्याचं हसणं ऐकलं आणि माझं नक्की झालं.

४ नोव्हें., मंगळ.
दळण घेऊन आलेल्या बायकांना चार वाजता या म्हटलं, चक्की बंद केली आणि गोठ्यात शिरले. बाबा गेल्यापासून गाडी तिथेच. सीटवर कोंबड्यांचा संसार. टाकीचं झाकण वाळक्या मातीने गच्च. खरवडलं, ओल्या फडक्याने पुसलं. खालचा बोल्ट काढून जुनं पेट्रोल उतरवलं. रंग काळ्या चहाचा, वास रंगाच्या डब्याचा. टाकी दोनदा खंगाळली. कार्बोरेटर काढून परातीत ठेवला. माय म्हणाली, त्या परातीत आता भाकरी नाही थापणार. थापू नको म्हटलं.
त्याच्या जेटमध्ये, पेट्रोलच्या बारीक भोकांत, कचरा. फुंकून, सायकलच्या पंपाने हवा मारून मोकळे केले. नवी बॅटरी नागभीडहून आणायची.

६ नोव्हें., गुरु.
बॅटरी बसवली. स्टार्टर फिरतो, पेट्रोल येतं, गाडी ढिम्म. प्लग काढून लोखंडाला टेकवला, करंट नाही. डिस्ट्रिब्युटरचं झाकण उघडलं तर आतल्या पॉइंटवर, करंट जोडणाऱ्या-तोडणाऱ्या दोन टोकांवर, राखाडी बुरशीसारखं काही. काचपेपरने घासले. फट किती ठेवायची त्यासाठी बाबा काडेपेटीच्या खोक्याचा पुठ्ठा वापरायचे. मी टॉर्च धरून उभी असायचे आणि ते म्हणायचे, अडकायला नको, सुटायला नको. तसंच केलं. निळी ठिणगी पडली. एकटीच होते, तरी "आला!" म्हणून ओरडले. शेजारच्या किसनभाऊंनी कुंपणावरून विचारलं, कोण आला. करंट, म्हटलं.

७ नोव्हें., शुक्र.
आज सगळ्या गावाला कळलं की मी काय करते आहे. प्लगच्या चारही वायरी पुसायला एकदम काढल्या होत्या, अंदाजाने लावल्या. किल्ली फिरवल्यावर कार्बोरेटरमधून असा बार निघाला की कोंबड्या छपरावर. चक्कीचा पट्टा बदलताना मी असा आगाऊपणा कधी करत नाही. इथे हुशारी नडली. दुपारभर अदलाबदल. तिसऱ्या प्रहरी गाडी सुरू. आधी खोकली, मग धूर, मग बाबा अंगणात वळवायचे तोच आवाज.
मायने ओसरीवरून ऐकलं. पदराने डोळे पुसत राहिली. मीही रडले.

९ नोव्हें., रवि.
गाडी फिरवून बघायला नेली. तलावाच्या बांधावर, पाळीवर, बंद. नुसती हळूहळू दम सोडत गेली. धान कापून परतणाऱ्या बाया हसत गेल्या. एकीने विचारलं, "काऊन शोभाबाई, बैल जुपू का?" मी पण हसले, आतून जळफळाट. थोडा वेळ बसले, पुन्हा किल्ली फिरवली तर लगेच सुरू. घराजवळ पुन्हा बंद. थांबलं की सुरू, चाललं की बंद. याचा अर्थ काय?

१० नोव्हें., सोम.
नागभीडचे गॅरेजवाले रमजानभाई आले. बाबांचे मित्र, म्हणून आले. कॉइल गरम होऊन करंट सोडते, म्हणाले. स्वतः नवी बसवून दिली. पाळीवर पुन्हा बंद. मग म्हणाले, बेटी, इस गाडी की उमर हो गयी. मी म्हटलं, भाई, उमर मायचीही झाली आहे. भाईंनी मग चहा घेतला.

११ नोव्हें., मंगळ.
सापडलं!! हात अजून पेट्रोलचे, तरी लिहिते.
पेट्रोल ओढणारा इंजिनाचा पंप तापत असेल म्हणून सकाळी त्यावर ओलं फडकं गुंडाळून निघाले. पाळीवर त्याच आंब्याखाली बंद. राग इतका की बॉनेटला लाथ मारली, अंगठा सुजला. पेट्रोल तरी आहे का बघावं म्हणून टाकीचं झाकण फिरवलं, तर टाकीने सूऽऽ करून हवा आत ओढली. तशीच गाडीत बसले, किल्ली फिरवली, पहिल्या झटक्यात सुरू. झाकण सैल ठेवून ब्रह्मपुरीच्या रस्त्याला लागले. कुठेही थांबली नाही.
घरी येऊन झाकण उलटं केलं. टाकीला श्वास घ्यायला झाकणात टाचणीएवढं भोक असतं, ते आतून शेणमातीने बुजलेलं. मी वरून पुसलं होतं फक्त. हवा आत जात नाही म्हणून पेट्रोल बाहेर येत नाही, एवढीच गोष्ट. मायला विचारलं, हे कोणी केलं.
"मीच लिंपलं. धान ठेवाच्या ढोलीचं तोंड लिंपतो ना आपन? नाई तं उंदीर जातेत. तुह्या बापाच्या गाडीतबी जातीन म्हनलं."
बाबा गेल्यावर दर दिवाळीला, घर सारवून उरलेल्या शेणमातीचा एक हात त्या झाकणावर. लंगडत गोठ्यात जाऊन. यंदाही. मला पत्ताच नाही. हसू आलं, आणि गलबलून पण आलं. सुईने भोक मोकळं केलं. मायला म्हटलं आता लिंपू नको. हो म्हणाली, पण तिच्या मनातून उंदीर गेलेला नाही.

१३ नोव्हें., गुरु.
मावसभावाचा फोन. मावशी माणसं ओळखते, पण सगळा वेळ नाही. काल मायचं नाव घेत होती. मायला त्यातलं शेवटचं तेवढंच सांगितलं.
नागभीडला जाऊन आले, जाता-येता ठीक. परत येऊन पाहिलं तर पेट्रोलचा जुना रबरी पाइप घामेजलेला. हल्लीचं पेट्रोल जुनं रबर खातं, रमजानभाई म्हणाले होते. अख्खा पाइप बदलला, क्लिपा आवळल्या. आग लागायची जोखीम घेऊन मायला मागे झोपवणार नाही. शनिवारी पुन्हा तपासायचं.

१५ नोव्हें., शनि.
दिवाकर आला. मला वाटलं अडवायला. तोंड तेच होतं. बॉनेट उघडून दाखवलं, गावाबाहेर फिरवून आणलं. परतताना म्हणाला, "तू जाऊन राह्यलीच, तं मायजवळ मांग मी बसतो." माझ्या भावाला एवढंच जमतं, पण आज ते पुरेसं होतं.
मागे तणसाचा, धानाच्या पेंढ्याचा, जाड थर, वर गादी, दोन्ही बाजूंनी उशा. ऊन लागू नये म्हणून ताडपत्री. पेट्रोलचा पाइप कोरडा. मायने मावशीसाठी नव्या धानाचे पोहे बांधले. दोनदा सोडून पुन्हा बांधले.

१६ नोव्हें., रवि.
स्टेअरिंगवर वही ठेवून लिहिते. गडचिरोलीच्या पुढे, चहाच्या टपरीसमोर. इंजिन चालू आहे, बंद करायची माझी छाती नाही.
वैनगंगेच्या पुलापर्यंत गुण्यागोविंदाने आली. आरमोरीच्या अलीकडे झटके देऊन बंद. झाकण उघडलं, हवा ठीक. मग पॉइंट बघितले, स्क्रू सैल होऊन फट मिटलेली. दिवाकरने पुठ्ठा धरला, मी स्क्रू आवळला. मागून माय म्हणाली, परत फिरवू नका. आम्ही दोघं एकदम म्हणालो, नाही फिरवत.
मावसभावाला सकाळपासून फोन लावते, उचलत नाही. मंडईची गर्दी असेल, दंडारीच्या नाचातल्या ढोलकीत ऐकू येत नसेल. दिवाकर पण तेच म्हणतो. आम्ही एकमेकांकडे बघायचं टाळतो.
मायला चहा पाजायला मागे गेले. तिने फणी मागून घेतली होती, केस विंचरून झाले होते. माझा हात धरून म्हणाली, "गाव आलं का बाहीरच गाडी थांबव. मले उठवून बसव. सीतीच्या दारात मी निजून नाई जानार."
दुखेल, म्हटलं. दुखू दे म्हणाली.
गावाबाहेर थांबवेन. इंजिन बंद करणार नाही. दिवाकर कप देऊन आला, निघतो.