फॉन्टबिंट ठेवायचंय का?

सोमवार, ३ नोव्हेंबर

'रूढी' हा शब्द टाइप केला आणि पडदा गोठला. कॉम्प्युटर रूढीच्या पुढे जाईचना! रविवारी पिंपळगाव रेणुकाईला व्याख्यान. विषय – 'पाटी कोरी करा'.

माझी बायको दीपमाला शाळेत कॉम्प्युटर शिकवते. तिने जरा खटपट केली आणि माझ्याकडे असं पाहिलं, जणू बिघाड माझ्यातच आहे. "अहो, हे आता औषधानं बरं होणार न्हाई. फॉरमॅट मारावा लागल. हार्ड डिस्क पुसून विंडोज नवं टाकते."

मार म्हटलं. वीस वर्षं व्यासपीठावरून दुसरं काय सांगतोय?

मंगळवार, ४ नोव्हेंबर

सगळी भाषणं तिने आधी पेन ड्राइव्हवर घेतली. मग विचारलं, "नुसता सी ड्राइव्ह पुसू, का डी पण?"

सगळं. अर्धवट सुधारणा म्हणजे फसवणूक.

"फॉन्टबिंट काही ठेवायचंय का?"

मी म्हणालो, क्रांती फॉन्ट विचारत नाही.

"हे सभेत बोला," म्हणाली आणि बटण दाबलं.

नवा पडदा आला. निळा, मोकळा, एक जुनं चिन्ह नाही. समाज असा हवा.

बुधवार, ५ नोव्हेंबर

रविवारचं भाषण उघडलं. 'मित्रहो'च्या जागी डॉलर, टक्के, स्वल्पविराम आणि इंग्रजी अक्षरांची भेळ. दुसरं उघडलं – भेळ. वीस वर्षांची सगळी भाषणं – भेळ!

दीपमाला शांत. "फाइली बराबर हायेत. तुम्ही त्या जुन्या फॉन्टात टाइप करून राह्यले होते. तो असल तरच मराठी दिसल. तो आपण पुसला." पेन ड्राइव्ह माझ्या हातात देत – "मी विचारलं होतं."

तो फॉन्ट जुन्या जालन्यातल्या एका छापखान्याने स्वतःपुरता बनवलेला. तिथे आता साड्यांचं दुकान आहे. इंटरनेटवर कुठेच नाही. दिवसभर शोधला.

"मंग आता एकाच माणसाकडं असल," दीपमाला म्हणाली. नाव तिने घेतलं नाही. मीही नाही.

गुरुवार, ६ नोव्हेंबर

नाव घ्यावं लागणार.

शुक्रवार, ७ नोव्हेंबर

धावड्याला जाऊन आलो. तातेरावांकडे. 'जुनं मोडू नका, दुरुस्त करा' हे त्यांचं आयुष्यभराचं भाषण, आणि ते खोडून काढणं हे माझं. त्यांनाही फॉन्ट त्याच छापखान्याने दिलेला.

कॉम्प्युटरवर टॉवेल पांघरलेला. तो सुरू होईतो चहा झाला. पेन ड्राइव्ह लावला – 'मित्रहो' उमटलं! डोळ्यांत पाणी आलं. धूळ फार होती.

मी आवरायच्या आत त्यांनी माझं एक जुनं भाषण उघडून मोठ्याने वाचायला घेतलं. "'भोकरदन तालुक्यात एक गंजलेलं यंत्र सदरा घालून फिरतं.' हे कोण म्हणायचं, संघपालराव?"

"ते प्रतीक आहे."

"असं होय. मंग प्रतीकाच्या घरचा अजून अर्धा कप घ्या."

घेतला. काय करणार?

रविवारचं भाषण त्यांनी छापून दिलं. वर म्हणाले, "फॉन्ट पण घेऊन जा. पेन ड्राइव्हवर टाकून देतो, लगेच होतं."

पुसलेलं जुनं पुन्हा घरात घेऊ? मग परवा कोणत्या तोंडाने बोलू? नको म्हटलं. बाकीची भाषणं इथेच येऊन हळूहळू छापून नेईन.

"या की. गंजलेलं यंत्र कुठं पळून चाललं?"

रविवार, ९ नोव्हेंबर

आज आग ओकलो. 'एक कण जुना ठेवाल तर सगळं जुनंच राहील' या वाक्याला मांडव हादरला. तातेराव पहिल्या रांगेत. माझ्या भाषणात दरवेळी जांभई देतात. आज दिली नाही. हरले असावेत.

सोमवार, १० नोव्हेंबर

सकाळी तातेरावांचा फोन. "संघपालराव, तुमचं पटलं बघा. आमचं यंत्र लईच रडून राह्यलं होतं. सूनबाईला बसवलं आन् सगळं पुसून घेतलं. बिलकुल कोरं."

फॉन्ट?

"न्हाई ठेवला. तुम्हीच म्हणले ना, एक कण जुना ठेवाल तर सगळं जुनंच राहील."

वीस वर्षं बोलतोय. माझं ऐकून बदललेला हा पहिला माणूस.