सरपंचबाईंची तब्येत

कडा, ता. आष्टी
दि. ११ ऑगस्ट २०२५

चि. सौ. बबितास,
आप्पाचे अनेक आशीर्वाद. वि. वि. इकडे आम्ही सगळे खुशाल. तुझी खुशाली मात्र तुझ्याकडून न कळता लोकांकडून कळू लागली, म्हणून हे पत्र.

पंचमीला आली नाहीस. गेल्या वर्षीही आली नव्हतीस. तेव्हा म्हणालीस, सरपंचाला सुट्टी नसते. मी ते चार माणसांत मोठेपणानं सांगितलं. पण यंदा शिवशंकरची राखीही पोस्टानं आली. तुझा भाऊ स्वतःच राखी बांधून दातानं गाठ मारत बसला, तेव्हा मला हसू आलं आणि वाईटही वाटलं.

फोनवर तू बोलतेस ते मला ऐकू येत नाही, म्हणून तुझी आई मध्ये दुभाषी. ती तुझ्या दहा वाक्यांचं एक करते, आणि ते एक असतं, सगळं ठीक आहे. कानाचं यंत्र आणलंय, पण त्यात माणसाच्या आधी पंखा बोलतो. म्हणून लिही. मेंढरांमागे फिरता फिरता मी अक्षरं गिरवली ती काय उगाच?

आता मुद्द्याचं. परवा इथल्या बाजारात तुमच्या पालीकडचे एक सोयरे भेटले. हसून म्हणाले, नाथाआप्पा, सरपंचकी लई मानवली तुमच्या लेकीला, वळखू येत न्हाई. ते हसणं मला सरळ वाटलं नाही. तू हरामाचा घास खाणार नाहीस, हे मला कोणी सांगायला नको. पण माहेर का चुकवतेस, ते तुझ्या हातचं वाचायचं आहे. एक फोटोही पाठव.

जावईबापूंना व विहीणबाईंना रामराम. आरोहीला पापा. बापावरची माया पातळ होऊ देऊ नये.

तुझा,
आप्पा

•

सोनपिंपरी, पालीजवळ
दि. २० ऑगस्ट २०२५

ती. आप्पांच्या चरणी बबिताचा शि. सा. न. वि. वि.
पत्र मिळालं. फोटो पाठवत नाही. का, ते सांगते. आईला यातलं काही ठाऊक नाही, तेव्हा आधी तुम्ही एकटे वाचा.

दीड वर्षापूर्वी माझे सांधे धरले, गालांवर लाल चट्टे आले, मग पाय सुजले. गावानं चिकुनगुन्या ठरवला. बीडच्या डॉक्टरीणबाईंनी तपासण्या करून ल्युपस असं नाव सांगितलं. यात अंगाची राखण करणारी शक्ती आपल्याच अंगावर उलटते. राखणीचं कुत्रंच मेंढराला धरतं म्हणा, म्हणजे तुम्हाला कळेल. माझ्या किडनीला धरलं होतं. ते कुत्रं आवरायला स्टिरॉइडच्या गोळ्या आहेत. त्यांच्यामुळं मी वाचले, आप्पा, हे पहिलं लक्षात ठेवा. गाऱ्हाणं त्यानंतरचं.

गाऱ्हाणं असं, की तोंड पुरणपोळीसारखं गोल झालं. मानेमागं मांस चढलं, ओठावर लव आली, पोट सुटलं आणि हातपाय मात्र काटक्या. बांगडी जरा आपटली तरी निळा डाग पडतो. भूक तर अशी, की सासूबाई भाकरीचं टोपलं लपवतात. साखर वाढली, म्हणून रोज सकाळी चालते. मीठ कमी केलं. हाडं ठिसूळ होऊ नयेत म्हणून कॅल्शियम घेते. चिडचिड तेवढी आवरत नाही. पाण्याच्या टाकीच्या ठेकेदारावर एकदा असा आवाज चढवला, की रखडलेली पाइपलाइन त्यानं महिन्यात पुरी केली. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, हाही गोळीचाच परिणाम. मी म्हटलं, मग हा एवढा राहू द्या.

हसण्यासारखं इथंच संपतं. आजार बाहेर सांगायचा नाही, असं आत्याबाईंनी, म्हणजे माझ्या सासूबाईंनी ठरवलं. आरोही दहावीला आहे. उद्या तिला पाहायला येणारे म्हणतील, आईला रक्ताचा रोग. म्हणून त्यांनी बायकांत सांगितलं, आमच्या सुनेची तब्येत सुधारली. त्यावर रतनबाई, आमच्या पंचायतीच्या सदस्य, सगळ्यांसमोर म्हणाल्या, सुधारनारच की, गावाचं खाऊन फुगली. ते वाक्य वाऱ्यासारखं वस्त्यावस्त्यांवर फिरलं. आता सदस्यांनी माझ्यावर अविश्वास ठराव मंजूर केला आहे. मी थेट गावातून निवडून आलेली, म्हणून शेवटचं गाव ठरवणार. गणपती उठले की विशेष ग्रामसभा आणि गुप्त मतदान. मी पंचायतीचे सगळे कागद भिंतीवर लावले. पण लोक कागद वाचत नाहीत, माझे गाल बघतात.

म्हणून ठरवलंय, उद्यापासून गोळी बंद. ग्रामसभेपर्यंत तोंड थोडं तरी उतरेल. हे आरोहीच्या पप्पांनाही सांगितलेलं नाही. पद गेलं तर जाऊ दे, पण चोर म्हणून मी उतरणार नाही.

रागावलात तरी आशीर्वादाचा हात काढू नये.

तुमची,
बबिता

•

कडा
दि. २४ ऑगस्ट २०२५

चि. सौ. बबितास,
आशीर्वाद मागाहून. आधी गोळी घे. पोस्टावर भरवसा नाही म्हणून शिवशंकरला मोटारसायकलवर पाठवलंय. तो समोर उभा राहून बघेल. घेतलीस? आता वाच.

तुझं पत्र हातात पडलं आणि मी तसाच इथल्या औषधवाल्याकडे गेलो. तुझं नाव न सांगता विचारलं. तो गल्ला सोडून बाहेरच आला. म्हणाला, आप्पा, कोण हाय त्यो, त्याला पहिलं थांबवा. असलं औषध आपलं अंग थोडंफार स्वतः बनवत असतं. गोळी सुरू झाली की ते बनवायचं सोडून देतं. एकदम बंद केली तर माणूस जागच्या जागी आडवा होतो, आणि आजार पुन्हा उसळतो तो वेगळाच. कमी करायची ती डॉक्टरांनी, हळूहळू. तोंडही तेव्हाच उतरतं. आजच्या आज बीडच्या बाईंना गाठ आणि गोळी चुकल्याचं खरं सांग.

मला राग आला तो दुसऱ्याच गोष्टीचा. तोंड बदललं म्हणून तू बापाच्या दारात यायचं टाळलंस! मेंढ्या कातरल्यावर काय होतं, विसरलीस? लोकर उतरलेली आई कोकराला ओळखू येत नाही. ते तिच्याच समोरून ओरडत पळत सुटतं. मग मेंढी काय लोकर परत अंगावर घेते? ती आवाज देते. आवाज ऐकला की कोकरू गर्रकन वळतं. गावाचं तसंच आहे. तोंड ओळखेनात, तर तू आवाज दे. काय झालंय ते सगळ्यांसमोर सांग.

आरोहीचं म्हणशील, तर आईचा आजार ऐकून जे सोयरे माघारी फिरतील ते फिरलेलेच बरे. हे माझ्या नावानं विहीणबाईंना सांग. त्या मला शिव्या देतील, त्या मी घेतो.

तुझ्या आईला अखेर सांगितलं. आधी रडली. मग डोळे पुसून म्हणाली, पोरीनं एवढ्या दुखण्यात पाइपलाइन पुरी केली व्हय! आता हेच शेजारणींना सांगत सुटली आहे. मीही सांगतोय. माझा आवाज किती मोठा ते तुला माहीत आहे.

रागावलो असलो तरी जीव तुझ्यापाशीच आहे.

तुझा,
आप्पा

•

सोनपिंपरी
दि. ११ सप्टेंबर २०२५

व्याही नाथाआप्पांना दगडाबाईचा रामराम. मी सांगते, आरोही लिवती. तिला म्हन्ले, जसं बोलते तसंच लिव, शाळंतलं करू नको.

तुमचा निरोप आला तवा मी तुमाला लई शिव्या दिल्या. घरातलं दुखनं चव्हाट्यावर मांडा म्हननारा बाप कसला, आसं वाटलं. पन ग्रामसभा झाली आन् आता तुमचं माझं काई भांडन न्हाई.

शाळंच्या पटांगनात समदं गाव गोळा झालतं. तहसीलचा साहेब आलता. मतं घालायच्या आदी बबितानं त्याला इचारलं, बोलू का. आन् उभी ऱ्हायली. वरीसभर तोंडावर वढलेला पदर मागं सारला. म्हन्ली, बगा, नीट बगा. ह्ये पैशानं न्हाई, औषदानं फुगलंय. आजाराचं नाव सांगितलं, गोळीचं सांगितलं, मिशीचं सुदिक सांगितलं! मी लाजंनं खाली बगितलं. पोरं हसली, तर ती बी हसली. मंग म्हन्ली, तुमाला बरं दिसावं म्हनून म्या गोळी सोडली व्हती, मरता मरता वाचले, आता सोडनार न्हाई. कामात खोट आसंल तर काढा मला, गुमान जाते. तोंडासाठी काढू नका. येवढंच बोलली आन् खाली बसली.

माझ्या आंगावर काटा आला, आप्पा. येवढा मोठा साहेब, त्यो बी लिवायचं थांबून तिच्याकडं बगत ऱ्हायला.

ठराव पडला! चांगला दनकून पडला. आमच्या रामेश्वरनं गावाला पेढे वाटले आन् बायकूला काकडी दिली, साखर चालत न्हाई म्हनून. आता कुनी इचारलं, सुनंची तब्येत कशी हाय, तर मी समदं खरं सांगते. येवढं सांगते की ऐकनारा दमतो.

इहीनबाईला, बायनाबाईला रामराम. तुमची लेक आता आमची हाय, परत मागू नका.

दगडाबाई

•

सोनपिंपरी
दि. ५ ऑक्टोबर २०२५

ती. आप्पा व आई यांच्या चरणी बबिताचा शि. सा. न. वि. वि.
गोळी डॉक्टरीणबाईंनी जरा कमी केली आहे. तोंड उतरायला पुष्कळ दिवस लागतील म्हणाल्या. मी म्हटलं, लागू द्या. दिवाळीला येते. फोटो पाठवत नाही, अख्खीच येते.

पण लिहायचं कारण वेगळंच. ग्रामसभेनंतर एका सकाळी रतनबाई आमच्या ओसरीवर आल्या. आत्याबाई दारात आडव्या उभ्या. चहाचंही विचारलं नाही. रतनबाईंनी कनवटीची पुडी सोडली. आत बारक्या पांढऱ्या गोळ्या. बाजारात बसणारा एक डॉक्टर गुडघ्यांसाठी देतो म्हणाल्या, कैक वर्षांपासून. घेतली की पळायला येतं. मग पदर सारून तोंड माझ्यापुढं केलं आणि हळूच विचारलं, बगा बरं, माझं बी तुमच्यावानीच हाय का. आप्पा, तसंच होतं. तसंच गोल, तशीच ओठावर लव. इतकी वर्षं आम्ही सगळे म्हणत आलो, रतनबाईंची तब्येत लई चांगली.

मला त्यांचा राग यायला हवा होता. नेमका तेव्हा आला नाही. मी म्हटलं, मनानं बंद करू नका, पुडी घ्या आणि बीडला चला. त्या निघाल्या तशा आणखी बायका निघाल्या. कोणाचा दमा, कोणाची कंबर, आणि सगळ्यांच्या कनवटीला तसल्याच पुड्या. आरोहीच्या पप्पांनी ओळखीची जीप आणली. तिच्यात जागा पुरेना, तरी आत्याबाई काही दुखत नसताना पुढच्या सीटवर जाऊन बसल्या.

डॉक्टरीणबाईंनी एकेक पुडी उघडून पाहिली, ही स्टिरॉइडच दिसतात म्हणाल्या. प्रत्येकीचं बीपी पाहिलं, साखर तपासली, कोणी काय कसं कमी करायचं ते समजावलं. मग विचारलं, एवढ्या जणी एकदम, तुम्हाला पाठवलं कोणी. मी मागच्या बाकावर माझ्या नंबरची वाट बघत बसले होते. रतनबाई म्हणाल्या, पाठवलं कुनीच न्हाई, आमच्या सरपंचाचं तोंड बघून आलो.

तुमच्या मायेला उतार नसावा, एवढंच मागणं.

तुमची,
बबिता